आईवरचा आरोप आणि आईची वही



इतिहास म्हटले की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज जो इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे, त्यातही एक किल्ला आहे, एक वेढा आहे आणि पन्नास-साठ वर्षे चाललेली लढाई आहे. मात्र ही लढाई लढल्या त्या घरात मुले सांभाळणाऱ्या आया. त्यांच्या हाती शस्त्र होते ते म्हणजे एक साधी वही. ऑटिझम, म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, ती असलेल्या मुलांच्या आयांचा हा इतिहास आहे.

स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची घडणच मुळापासून निराळी असते. हाक मारली तरी ते वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही. बोलणे उशिरा येते, किंवा ऐकलेलेच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहते. एकाच खेळात तासन् तास रमते आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी आकांत मांडते. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा उजेड, नव्या कपड्याचा स्पर्श यांपैकी एखादी गोष्ट त्याला असह्य होते. यांतील कोणी पुढे पदवीधर होतो, तर कोणाला जन्मभर दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते.

हा विषय मी का निवडला, तेही सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवा शिक्षक होतो. एक भगिनी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन प्रवेशासाठी आल्या. मुलाने माझ्या टेबलावरचे खडू उचलले आणि लांबीप्रमाणे एका ओळीत मांडले. मी विचारले, "तुझं नाव काय?" त्याने माझाच प्रश्न माझ्याच सुरात तीन वेळा परत केला. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्या बाईंना म्हणालो, "घरी जरा वळण लावा, मग आणा." त्या एवढेच बोलल्या, "वळण लावून लावून थकले, सर." आणि मुलाचा हात धरून निघून गेल्या.

त्या दिवशी मी जे बोललो, तेच माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या विद्वानांनी ग्रंथांतून लिहून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले. ती हकीकत अशी.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे मेरी ट्रिपलेट या सुशिक्षित बाईंना १९३३ साली डोनाल्ड नावाचा मुलगा झाला. दोन वर्षांचा असताना त्याला लांबच्या लांब पाठांतर येत असे, परंतु आई खोलीत आली काय किंवा गेली काय, त्याला त्याचे काहीच वाटत नसे. मुलाला घरापासून दूर ठेवावे असा सल्ला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मिळाला आणि चार वर्षांचाही न झालेला हा मुलगा १९३७ साली एका संस्थेत पाठविला गेला. तेथे तो आणखीच मिटून गेला. वर्षभराने संस्थेच्या प्रमुखांचा विरोध असताना आईवडिलांनी त्याला घरी परत आणले आणि १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेले. जाण्यापूर्वी वडिलांनी मुलाची सगळी हकीकत तेहतीस पानी पत्रातून कळविली होती. पुढे मेरीबाई डॉक्टरांना पत्रे लिहून मुलाची प्रगती कळवीत राहिल्या.

डॉ. कॅनर यांनी अशी आणखी मुले पाहिली आणि १९४३ साली अकरा मुलांवर, आठ मुलगे आणि तीन मुली यांच्यावर, आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले ते प्रामुख्याने या निबंधामुळे. पालकहो, या निबंधाचा पाया कोणता होता? आईबापांनी घरी पाहिलेल्या आणि टिपून ठेवलेल्या गोष्टी, हाच त्याचा मोठा आधार होता. ही मुले हा उणेपणा जन्मतःच घेऊन येतात, असे अनुमानही कॅनर यांनी त्यात काढले होते. मात्र या मुलांच्या आईवडिलांत मायाळू माणसे थोडीच दिसतात, असाही शेरा त्यांनी जोडून ठेवला.

दुर्दैवाने पुढील काळात पहिले अनुमान मागे पडले आणि शेरा मात्र वाढत गेला. १९४९ साली स्वतः कॅनर यांनी अशा घरांतील वातावरणाला रेफ्रिजरेटरची उपमा दिली. त्यातूनच 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे बर्फासारखी थंड आई, हा शब्दप्रयोग रूढ झाला. मूल बोलत नाही, कारण आईने माया केली नाही, असा सरळ निकाल लागला. आई दवाखान्यात मदत मागावयास जाई आणि परत येताना गुन्हेगार ठरून येई.

येथे विद्यार्थी मित्रांनी थोडे थांबून विचार करावा, कारण विद्वानांचीही गफलत कशी होते याचा हा उत्तम नमुना आहे. कॅनर यांच्याकडे पोहोचत ते बहुतेक शिकलेले, सुस्थितीतील पालक. दूरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जाणे इतरांच्या आवाक्यातले नव्हते. त्यामुळे शिकलेल्या आयांच्याच पोटी अशी मुले येतात, असा भास झाला. दुसरे असे की, ज्या आईला तीन-चार वर्षे आपल्या मुलाचे हसू मिळाले नाही, जिला रात्रीची झोप नाही, जी परक्या डॉक्टरसमोर धास्तावून बसली आहे, ती अवघडलेली दिसणारच. डॉक्टरांनी परिणाम पाहिला आणि त्यालाच कारण समजले.

आता १९६७ सालाकडे वळू. या एकाच वर्षी अमेरिकेत दोन पुस्तके निघाली. पहिल्याचे नाव 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला. लेखक ब्रूनो बेटलहाइम. शिकागोमध्ये मुलांच्या एका निवासी शाळेचे ते संचालक होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. नाझींच्या छळछावण्यांत त्यांनी स्वतः दिवस काढले होते. त्या छावणीतील कैदी जसा आत मिटून जातो, तसेच हे मूल मिटलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे छावणीतील पहारेकऱ्याच्या जागी त्यांनी आईला नेऊन बसविले! आईबापांच्या मनात मूल नकोसे असते, तेच या दुखण्याचे मूळ होय आणि म्हणून मुलाला त्यांच्यापासून तोडावे, असा त्यांचा उपाय होता. हे पुस्तक फार गाजले.

दुसऱ्या पुस्तकाचे नाव 'द सीज', म्हणजे वेढा. लेखिका क्लारा क्लेबोर्न पार्क, पेशाने शिक्षिका आणि चार मुलांची आई. त्यांची धाकटी मुलगी जेसी १९५८ साली जन्मली. दोन वर्षांचीही नसताना ती जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती आपल्याच नादात गोल गोल फिरत बसे आणि कोणाची तिला गरज भासत नसे. बेटलहाइमना तो किल्ला रिकामा दिसला. क्लाराबाईंना ठाऊक होते की किल्ल्यात आपली लेक आहे. म्हणून त्यांनी वेढा घातला. परंतु हा वेढा मायेचा आणि चिकाटीचा होता. रोज तिच्याशेजारी जमिनीवर बसावयाचे, तिच्याच खेळात हळूच एखादी भर घालावयाची, प्याला हातात धरणे किंवा नळ फिरवणे यांसारखी एखादी लहान गोष्ट महिनोन् महिने शिकवावयाची आणि काय जमले, काय फसले ते टिपून ठेवावयाचे. या टिपणांतून ते पुस्तक उभे राहिले. त्यापूर्वीच्या तीन मुलांचे संगोपन याच आईने उत्तम केले होते, मग चौथ्याच वेळी तिची माया कशी आटली, या साध्या प्रश्नाचे उत्तर पंडितांकडे नव्हते. जेसी पार्क पुढे चित्रकार म्हणून नावाजली आणि विल्यम्स कॉलेजच्या टपाल विभागात तिने कित्येक वर्षे नोकरी केली.

आया अशा एकेकट्या लढत असताना त्यांना एक साथीदार मिळाला होता. कॅलिफोर्नियात बर्नार्ड रिमलंड हे नौदलातील मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा मुलगा मार्क १९५६ साली जन्मला. त्याची लक्षणे पाहून त्यांच्या पत्नी ग्लोरिया यांना आठवले की कॉलेजच्या एका पाठ्यपुस्तकात अशाच मुलाचे वर्णन वाचले होते. जुन्या सामानातून ते पुस्तक शोधून काढले आणि ऑटिझम हा शब्द त्या घरात प्रथम उमटला. निदान केले ते आईने! रिमलंड यांनी मग अनेक वर्षे अभ्यास करून १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि स्वमग्नतेचे मूळ शरीराच्या, मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, असे प्रतिपादन केले. विशेष म्हणजे त्याला प्रस्तावना दिली ती डॉ. कॅनर यांनी. ग्रंथाच्या शेवटी पालकांनी भरावयाची प्रश्नावली होती. घराघरांतून ती भरून येऊ लागली आणि विखुरलेल्या आया एकमेकींना सापडल्या.

१९६५ साली या पालकांनी अमेरिकेत आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या पहिल्या निर्वाचित अध्यक्ष रूथ ख्राइस्ट सलिव्हन या व्यवसायाने परिचारिका आणि सात मुलांच्या आई होत्या. त्यांच्या जोसेफ या मुलाला शाळेत जागा मिळावी म्हणून त्यांनी सुरू केलेली खटपट देशभरच्या मुलांसाठी झाली. ज्या आंदोलनांतून १९७५ साली अमेरिकेत प्रत्येक अपंग मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला, त्यांत या आयांचा वाटा मोठा होता.

आणि १९६९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या याच संघटनेच्या मेळाव्यात वृद्ध डॉ. कॅनर उभे राहिले आणि पालकांना आपण दोषमुक्त करीत आहोत, असे त्यांनी जाहीर केले. सारे सभागृह उभे राहिले. वाचकहो, ज्याच्या लेखणीतून आरोप पसरला त्याच्याच तोंडून तो मागे घेतला गेला, ही गोष्ट त्या डॉक्टरांच्याही मोठेपणाची आहे. परंतु मधली वीस वर्षे ज्या आयांनी स्वतःला अपराधी समजून काढली, त्यांना ती कोण परत देणार?

इंग्लंडातही असेच घडले. १९६२ साली लंडनमध्ये काही पालकांनी संस्था काढली. त्यांत डॉ. लॉर्ना विंग होत्या. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, आणि सुझी या स्वमग्न मुलीच्या आई. एकदा रेल्वेच्या प्रवासात समोरचे तान्हे मूल खिडकीबाहेरचे काहीतरी दाखवीत आपल्या आईकडे पाहत होते. आपली सुझी असे कधीच करीत नाही, हे लॉर्नाबाईंच्या त्या क्षणी ध्यानात आले आणि त्यांचे काळीज गोठले. मूल बोटाने दाखवीत नाही, आनंद वाटून घेत नाही, ही खूण पुढे निदानात किती महत्त्वाची ठरली! याच संस्थेने १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात या मुलांची शाळा सुरू केली. डॉ. विंग यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्याबरोबर केलेल्या १९७९ च्या पाहणीतून असे दाखवून दिले की स्वमग्नतेच्या तीव्र आणि सौम्य अशा कितीतरी छटा आहेत.

मधल्या काळात, १९७७ साली, सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत मात्र अशी एकही नव्हती. दोन्ही प्रकारच्या जोड्यांना आई एकच, घर एकच. फरक रक्तातल्या वारशाचा. आईवरचा आरोप शास्त्राच्या कसोटीवरही टिकला नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात अशा मुलांना दीर्घकाळ मतिमंद म्हणून तरी गणले गेले किंवा वेडे म्हणून तरी. दिल्लीत मेरी बारुआ यांनी आपल्या मुलासाठी वाट शोधता शोधता १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली आणि १९९४ साली तिची शाळा सुरू केली. तेथील एका उपक्रमात आई आणि मूल दोघेही एकत्र शिकतात, कारण घरी परतल्यावर मुलाची शिक्षिका तीच असते. अपंगांसाठी १९९५ साली झालेल्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते आले १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला स्पष्ट स्थान दिले. मुंबईत २००१ साली 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू झाले. जागतिक पातळीवर २ एप्रिल हा दिवस स्वमग्नता जागृतीसाठी पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांत २००७ साली झाला. तो मांडला होता कतार या देशाने, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

एवढा इतिहास सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की तो आरोप मेलेला नाही. तो आपल्या मोहल्ल्यात वेगळ्या पोशाखात फिरतो आहे. कोणी म्हणते, सुनेच्या माहेरचा दोष. कोणी म्हणते, गरोदरपणी हिने काळजी घेतली नाही, नजर लागली. कोणी म्हणते, ही नोकरीला जाते म्हणून असे झाले. आणि सगळ्यात नवा आरोप म्हणजे, आईनेच मोबाईल हातात दिला. मोबाईलचा अतिरेक मुलाला वाईटच आणि तो थांबवावाच. परंतु स्वमग्नता मोबाईलने निर्माण होत नाही. मोबाईल नव्हता तेव्हाही डोनाल्ड आणि जेसी होतेच.

काही आया लस टोचली म्हणून स्वतःला दोष देतात. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरून लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचविणारा लेख आला होता. तो सदोष ठरून २०१० साली मागे घेण्यात आला, आणि मोठमोठ्या पाहण्यांत असा संबंध आढळला नाही. लस टाळल्याने स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव भागांत आलेली गोवराची साथ आपण विसरलेलो नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, लवकर ओळखावे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने दाखवीत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, किंवा आलेले बोलणे गमावत असेल, तर "मुलगा आहे, उशिरा बोलेल, त्याचे अब्बाही उशिराच बोलले होते" असे म्हणत वाट पाहू नये. प्रथम कानांची तपासणी करावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करणारा जो राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथून सुरू झाला, त्याचाही लाभ घ्यावा. दुआ जरूर करावी, दुआने आईचे मन स्थिर राहते; परंतु त्यासाठी डॉक्टरांकडची तारीख चुकवू नये. पूर्ण बरे करण्याची हमी देऊन पैसे उकळणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

दुसरी गोष्ट, हक्क मागावा. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि कार्ड काढावे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. हे कागद काढणे लाजेचे नाही.

तिसरी गोष्ट वडिलांसाठी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी. डोनाल्डच्या वडिलांनी तेहतीस पाने लिहून घेतली होती. आपण निदान तेहतीस मिनिटे मूल सांभाळा, म्हणजे आई शांतपणे दोन घास खाईल. लग्नसमारंभात त्या आईला "याला घरीच ठेवून यायचं ना" असे ऐकवू नका. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात असा सोबती असेल तर त्याची नक्कल करू नका. मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसा, एवढेही पुष्कळ झाले. फॉरेस्ट गावाने तेच केले. डोनाल्ड शिकला, १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वद वर्षांचा होऊन वारला. गावाने त्याला आपला मानले होते.

आणि शेवटची गोष्ट आयांसाठी. बहिणींनो, एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. मूल कशाने बिथरले, कशाने शांत झाले, कोणता नवा शब्द आला, रोज दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीला सांगा, ती लिहील. डॉक्टरांना जे पंधरा मिनिटांत दिसत नाही, ते त्या वहीत असेल. या विषयातले शास्त्र अशाच वह्यांतून पुढे सरकले आहे, हे आपण आताच पाहिले.

त्या दिवशी शाळेतून परत गेलेल्या बाईंचे नाव मी विचारले नव्हते, त्यामुळे त्यांना शोधण्याचा मार्ग माझ्यापाशी नाही. त्यांचा मुलगा आता मोठा माणूस झाला असेल. परंतु दर जूनमध्ये आपल्या शाळांच्या दारात अशी एखादी आई येतेच. तिला आत बोलवावे, खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि म्हणावे, "ताई, तुम्ही याच्याबद्दल काय काय पाहिलंत ते सांगा. मी लिहून घेतो."